भाड्याचे घर मानवेना, तेव्हा...

हौसेने घेतलेल्या भाड्याच्या घराचा आनंद कधी कधी पहिल्याच उन्हाळ्यात ओसरतो. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो आणि पत्र्याच्या छपराखालची खोली रात्रीही निवत नाही. पूर्व भागात शेजारच्या यंत्रमागांचा खडखडाट झोप मोडतो. वर्षानुवर्षे काही दिवसांआड पाणी भरलेल्या या शहरात टाकी नसलेले घर म्हणजे कायमची धावपळ. अनामत अडकेल, मुलांची शाळा दूर पडेल, या विचारांनी निर्णय लांबतो आणि चिंता वाढत जाते.

अशा वेळी प्रथम तक्रारींची विभागणी करावी. गळके छत, सदोष वायरिंग, तुंबलेले सांडपाणी हे दुरुस्त होऊ शकते. मागांचा आवाज किंवा वाराच न येणारी खोली बदलत नाही.

दुरुस्तीच्या बाबतीत भाडेकरूला कायद्याचा आधार आहे. ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ नुसार, करारात वेगळे ठरले नसल्यास, घर राहण्यायोग्य स्थितीत ठेवणे हे घरमालकाचे कर्तव्य आहे. १५ दिवसांची नोटीस देऊनही दुरुस्ती न झाल्यास भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र ही रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून अधिक असू नये. पुरेशा कारणाविना पाणी किंवा वीज तोडण्यासही मनाई आहे. ‘लिव्ह अँड लायसन्स’ तत्त्वावर राहणाऱ्यांनी मात्र आपल्या करारातील अटी काळजीपूर्वक वाचाव्यात.

जे बदलणार नाही, त्यासाठी घर सोडणेच श्रेयस्कर. त्यात कमीपणा नाही. करारातील नोटिशीची मुदत पाहून घरमालकाला लेखी कळवावे व पोच घ्यावी. खोल्यांची छायाचित्रे, वीज मीटरची नोंद आणि किल्ल्या परत केल्याची सही जपून ठेवल्यास अनामत परत मागताना वाद टळतो. शाळा जूनमध्ये सुरू होत असल्याने मे महिन्यातील स्थलांतर सोयीचे ठरते. नवे घर भर दुपारी आणि रात्री असे दोनदा पाहावे. पाणी केव्हा व किती वेळ येते, हे शेजाऱ्यांना विचारावे.

तरीही झोप लागत नसेल, कामात मन रमत नसेल, तर घरातल्यांशी मोकळेपणाने बोलावे. केंद्र सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य समुपदेशन मिळते. घर बदलण्याची तारीख एकदा निश्चित केली, की मनावरचे निम्मे ओझे उतरते.