पिस्टन विमान इंजिन तेल

पिस्टन विमान इंजिन तेल हे सेसना १७२ सारख्या लहान विमानांच्या पिस्टन इंजिनांत वापरले जाणारे वंगण तेल आहे. घर्षण कमी करणे, उष्णता वाहून नेणे, ज्वलनातून निर्माण होणारा मळ धरून ठेवणे आणि धातूचे गंजापासून रक्षण करणे ही त्याची प्रमुख कार्ये होत. योग्य तेलाची निवड महत्त्वाची असली, तरी विमानाचे नियमित उड्डाण आणि तेलाची वेळेवर बदली यांचा इंजिनाच्या आयुष्यावर अधिक परिणाम होतो.

मोटारीच्या तेलापासून वेगळेपण

लायकोमिंग आणि कॉन्टिनेंटल या अमेरिकी कंपन्यांची बहुतेक पिस्टन इंजिने हवेने थंड होतात. तापल्यावर धातू प्रसरण पावत असल्यामुळे त्यांच्या भागांमध्ये अधिक मोकळी जागा ठेवलेली असते. परिणामी काही तेल ज्वलनकक्षात शिरून जळते. मोटारीच्या तेलातील धातुयुक्त रसायनांची राख तेथे साचून तापल्यास ठिणगी पडण्यापूर्वीच इंधन पेटते व पिस्टनची हानी होऊ शकते. म्हणून विमानासाठी राख न सोडणारे तेल वापरतात.

प्रकार

शुद्ध खनिज तेल (मानक एसएई जे-१९६६) : नव्या किंवा दुरुस्त केलेल्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीवर नीट बसाव्यात, यासाठी सामान्यतः पहिले ५० तास किंवा तेलाचा खप स्थिर होईपर्यंत हे वापरतात. काही टर्बोचार्ज्ड इंजिने याला अपवाद आहेत.

ॲशलेस डिस्पर्संट तेल (मानक एसएई जे-१८९९) : यातील रसायने मळाचे कण तेलात तरंगते ठेवतात. त्यामुळे गाळ न साचता हे कण गाळणीत अडकतात किंवा तेल बदलताना बाहेर पडतात.

संपूर्ण कृत्रिम तेलाचा प्रयोग मात्र फसला. विमानाच्या पेट्रोलमधील शिशाचे अवशेष अशा तेलात नीट सामावले जात नाहीत. मोबिल एव्ही-१ हे तेल १९९० च्या दशकात बाजारातून मागे घेण्यात आले. त्यामुळे खनिज व कृत्रिम तेलांचे मिश्रण असलेली अर्धकृत्रिम तेले प्रचलित आहेत.

श्यानता

श्यानता म्हणजे तेलाचा दाटपणा. विमान तेलाची ८० ही श्रेणी एसएई ४० शी, तर १०० ही श्रेणी एसएई ५० शी जुळते. उष्ण हवेत दाट, तर थंड हवेत पातळ तेल योग्य ठरते. १५डब्ल्यू-५० सारखी बहुश्रेणी तेले दोन्ही हवामानांत चालतात. अंतिम निवड इंजिन निर्मात्याच्या तक्त्यानुसार करावी लागते.

गंज आणि निष्क्रियता

ज्वलनात तयार होणारी पाण्याची वाफ तेलात मिसळते आणि आम्ले निर्माण होतात. लायकोमिंगच्या बहुतेक इंजिनांत कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या वर असतो. विमान उभे राहिले की त्यावरील तेल निथळून जाते व उघड्या धातूवर गंज चढतो. पुढे इंजिन चालू होताच गंजलेला पृष्ठभाग झिजतो आणि त्याचे कपचे निघतात. दमट हवेत हा धोका वाढतो.

तेलातील पाणी काढण्यासाठी ७४ ते ९३ अंश सेल्सियस तेल-तापमानावर सुमारे एक तास उड्डाण उपयुक्त ठरते. इंजिन जमिनीवर थोडा वेळ चालवल्याने तेल पुरेसे तापत नाही. उलट त्यात आणखी ओलावा जमा होतो.

१९७७ ते १९८० मधील सेसना १७२ एन विमानांच्या ओ-३२०-एच२एडी इंजिनांत कॅमशाफ्ट व टॅपेटची झीज ही विशेष समस्या ठरली. त्यांच्यासाठी लायकोमिंगने एलडब्ल्यू-१६७०२ हे झीजरोधक द्रव्य बंधनकारक केले. काही तयार तेलांत ते आधीच मिसळलेले असते.

तेलबदल आणि तपासणी

पूर्ण-प्रवाह गाळणी असलेल्या लायकोमिंग इंजिनात दर ५० तासांनी आणि केवळ जाळी असल्यास दर २५ तासांनी तेल बदलतात. उड्डाणे कमी झाली, तरी चार महिन्यांची मर्यादा पाळली जाते. जुनी गाळणी कापून तिच्यात धातूचे कण आहेत का, हे पाहतात. प्रयोगशाळेतील परीक्षणात लोखंड, तांबे, ॲल्युमिनियम यांचे प्रमाण मोजले जाते. सिलिकॉन वाढल्यास हवेच्या गाळणीतून धूळ शिरत असल्याची शंका येते. एका अहवालापेक्षा सलग अहवालांतील बदल अधिक बोलका असतो.