गाठ विरघळली, तरी पत्ता उरला पाहिजे

माणिकपूरमधल्या जुन्या माणसांना रस्ता विचारून बघा. ‘सरळ जा, बावखल होतं ना, तिथून डावीकडे.’ आता बावखल कधीच बुजलेलं असतं, वर सात मजली सोसायटी उभी असते आणि आपण गुगल मॅप उघडून नुसते हसतो. वसईच्या पश्चिम पट्ट्यातली अशी कितीतरी बावखलं गेली. ती नेमकी कुठे होती, हे आता फक्त आजी-आजोबांच्या डोक्यात आहे. जमिनीवर खूण म्हणून काही उरलेलं नाही.

हाच प्रश्न ऑपरेशन थिएटरमध्ये सर्जनला पडतो. स्तनाच्या कर्करोगात बऱ्याचदा आधी केमोथेरपी देतात आणि मग ऑपरेशन करतात. केमोने गाठ आक्रसते. काही जणींच्या बाबतीत तर ती हाताला लागत नाही आणि सोनोग्राफीतही दिसत नाही. बावखल गेल्याचं वाईट वाटतं, गाठ गेल्याचा आनंद होतो, एवढाच फरक. कारण ‘दिसत नाही’ म्हणजे ‘एकही पेशी उरलेली नाही’ असं नसतं. ती जागा काढून तपासावीच लागते. पण ती जागा कुठली? खूण नसेल तर जास्त भाग काढावा लागू शकतो, कधी पूर्ण स्तनही. खूण असेल तर बहुतेक वेळा नेमका तेवढाच भाग काढता येतो.

ही खूण म्हणजे तिळाएवढा धातूचा तुकडा. तो आत ठेवायचा मार्गही गाठ तपासणाऱ्या सुईचाच. ही सुई आणि ही खूण डिझाइन करणं हे डॉक्टरांइतकंच इंजिनीअरचं काम आहे, आणि त्याबद्दल आपल्या कॉलेजांत फारसं कुणी बोलत नाही.

शेवईएवढा तुकडा

‘एफएनएसी’ हा शब्द घरात कुणाच्या तरी रिपोर्टवर वाचला असेल. त्यात बारीक सुईने काही पेशी ओढून घेतात. कोअर बायोप्सीत मात्र पेशींचा अख्खा तुकडा निघतो. शेवईचा दोनेक सेंटिमीटरचा तुकडा डोळ्यांसमोर आणा, साधारण तसा. गाठ कुठल्या प्रकारची आहे, तिच्यावर कुठलं औषध चालेल, हे या तुकड्यावरून ठरतं. म्हणून तो चिरडलेला किंवा फाटलेला चालत नाही.

स्तनासाठी साधारण १४ गेजची सुई वापरतात, म्हणजे जाडी सुमारे २.१ मिलिमीटर, टूथपिकच्या आसपास. (गेजचा आकडा वाढला की सुई बारीक होते, हे उलटं गणित लक्षात ठेवा.) या सुईत दोन भाग असतात. आतल्या सळईला टोकाजवळ एक खाच असते. बाहेरच्या नळीची कड ब्लेडसारखी धारदार असते. बटण दाबलं की स्प्रिंगच्या जोरावर आधी सळई पुढे जाते आणि पेशी खाचेत बसतात. पाठोपाठ नळी सरकून तेवढा तुकडा कापते. ‘खट्ट’ असा स्टेपलरसारखा आवाज येतो आणि काम झालेलं असतं. जागा आधी बधिर केलेली असते. तरी पेशंट दचकू नये म्हणून अनेक डॉक्टर हा आवाज आधीच ऐकवून ठेवतात.

ही स्प्रिंगची ‘बायोप्सी गन’ स्वीडनमधले रेडिओलॉजिस्ट पेर लिंडग्रेन यांनी १९८२ मध्ये पुढे आणली. त्याआधी दोन्ही भाग हाताने ढकलावे लागत आणि तुकडा कसा येईल हे हाताच्या सफाईवर अवलंबून असे.

आता मेकॅनिकलवाल्यांनी कान टवकारा. सळई आणि नळी यांच्यात फट जास्त राहिली, तर तुकडा कापला न जाता चेंगरतो. फट कमी पडली, तर सुई अडकते. ग्राइंडिंगनंतर धारेवर बर राहिली, तर पेशी फाटतात. सळई झटक्यात साधारण दोन सेंटिमीटर पुढे जाते. म्हणजे टोक आता जिथे दिसतंय तिथे ते थांबणार नाही, आणखी पुढे फुप्फुस आहे की रक्तवाहिनी, हे आधी पाहावं लागतं. म्हणूनच काही सुयांमध्ये सळई किती पुढे जावी हे निवडता येतं. क्लिअरन्स, टॉलरन्स, स्प्रिंगचा जोर… सगळे सेकंड इयरचे शब्द. फक्त इथे जॉब रिजेक्ट झाला तर एखादीला पुन्हा सुई टोचून घ्यावी लागते.

चकचकीत सुई दिसत नाही

डॉक्टर सुई घालतात ती सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत. गंमत म्हणजे सुई जितकी गुळगुळीत, तितकी ती दिसायला अवघड. तिरक्या सुईवरून ध्वनिलहरी आरशावरून उजेड परतावा तशा भलत्याच दिशेला निघून जातात आणि पडद्यावरून टोक गायब होतं. यावर उपाय कुठला? घरातलं ठोक्याचं तांब्याचं भांडं आठवा. कुठूनही पाहिलं तरी त्याचा एखादा ठोका चमकतोच. सुईच्या टोकाजवळही असेच बारीक खड्डे किंवा खरखरीत पट्टा करतात. लहरी सगळीकडे विखुरतात, त्यातल्या काही परत येतात आणि टोक दिसतं.

एमआरआयमध्ये प्रश्न वेगळा. तिथे नेहमीच्या स्टीलमुळे चित्रात मोठा काळा डाग पडतो, म्हणून टायटॅनियमसारखे धातू लागतात. एकाच बाजूने तासलेलं टोक आत जाताना थोडं वळतं, तेही हिशोबात धरावं लागतं.

‘गाठीला सुई लावली की ती पसरते’ ही भीती आपल्याकडे घरोघरी आहे. स्तनाच्या गाठीत सुईच्या वाटेवर पेशी सांडून आजार पसरण्याचा धोका फार कमी असतो. या भीतीपोटी महिनोन्महिने थांबणं त्याहून कितीतरी महागात पडतं. डिझाइननेही इथे मदत केली आहे. बाहेरची एक नळी एकदाच आत बसवायची आणि तिच्यातून सुई हवी तितक्या वेळा आत-बाहेर करायची. तुकडे चार घेतले तरी टोचणं एकदाच.

तिळाएवढी खूण

तुकडे काढून झाले की त्याच वाटेने खूण सोडता येते. हा मार्कर टायटॅनियमसारख्या धातूचा, दोन-तीन मिलिमीटरचा असतो. तो रिबन, स्प्रिंग अशा वेगवेगळ्या आकारांत मिळतो. हे आकार शोभेसाठी नसतात. एकाच स्तनात दोन गाठी तपासल्या, तर कुठली कुठली हे मॅमोग्राफीत आकारावरून ओळखता येतं.

मॅमोग्राफीत धातू लख्ख दिसतो, पण सोनोग्राफीत एवढासा तुकडा हरवतो. म्हणून अनेक मार्कर कोलॅजेन किंवा जेलच्या गोळीत बसवलेले असतात. गोळी आत फुगते, मार्करला धरून ठेवते आणि कालांतराने विरघळते.

तरीही खूण सरकू शकते. मशीनमध्ये दाबून धरलेला स्तन सोडला की पेटीच्या भात्यासारखा पसरतो आणि मार्कर सुईच्या वाटेने घसरतो. म्हणून खूण ठेवल्यावर लगेच मॅमोग्राफी करून ती जागेवर आहे ना ते बघतात. सरकली असेल, तर किती आणि कुठे हे रिपोर्टमध्ये लिहितात. न सरकणारा आणि सगळ्या मशीनवर दिसणारा मार्कर स्वस्तात मिळणं, हे कोडं अजून पुरतं सुटलेलं नाही. काही ठिकाणी डॉक्टर रक्तवाहिनी बंद करायची साधी सर्जिकल क्लिप सुईतून सोडून काम भागवतात, ते खर्चामुळेच.

वालीव ते पवई

वसई पूर्वेला वालीव, सातिवली, गोखिवरे इथल्या गाळ्यांमध्ये रोज धातू कापला, तासला आणि घासला जातो. पश्चिमेला इंजिनीअरिंग कॉलेज आहे. लोकल पकडून दादरला उतरलं, की परळचं टाटा मेमोरियल हॉस्पिटल जवळ. १९४१ पासून तिथे देशभरातून पेशंट येतात. पवईच्या आयआयटीत २०१४ मध्ये सुरू झालेलं ‘बेटिक’ हे केंद्र आहे. डॉक्टरांनी अडचण सांगायची आणि इंजिनीअर-डिझायनरनी उपकरण घडवायचं, असं तिथलं काम चालतं. नागपूरचं व्हीएनआयटी आणि पुण्याचं सीओईपीही त्यात जोडलेलं आहे. म्हणजे वाट आहे.

पण जुगाड इथे चालत नाही. २०१७ चे मेडिकल डिव्हाइसेस रूल्स १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले. त्यांत धोक्यानुसार ए ते डी असे वर्ग आहेत. धातू शरीराला चालतो का, निर्जंतुक कसा करणार, पाकिटात किती दिवस टिकेल, हे सगळं सिद्ध करावं लागतं. सोनोग्राफी मशीन तर कॉलेजच्या लॅबमध्ये सहज आणून ठेवता येत नाही. गर्भलिंग निदानविरोधी कायद्यामुळे त्याला नोंदणी लागते. त्यामुळे पहिल्या दिवसापासून एखादा रेडिओलॉजिस्ट टीममध्ये हवाच.

सुरुवात मात्र स्वयंपाकघरातून होऊ शकते. चायना ग्रासची घट्ट, पारदर्शक जेली करा आणि मध्ये एक वाटाणा सोडा. दोन पातळ, ताठ तारा घ्या. एकीचं टोक तिरकं तासा, दुसरीचं दोन्ही बाजूंनी सारखं. दोन्ही तारा सरळ वाटाण्याकडे ढकला आणि बाजूने व्हिडिओ काढा. कुठली वळली, किती वळली, मोजा. तार ढकलताना जेलीसोबत वाटाणाही थोडा सरकेल. शरीरातली गाठही अशीच निसटते.

आणि तुम्ही कॉमर्सचे असा नाहीतर आर्ट्सचे, एक गोष्ट प्रत्येकाने लक्षात ठेवण्यासारखी आहे. भारतात स्त्रियांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग स्तनाचा आहे. आई, मावशी, शेजारच्या काकू, कुणाबरोबर तरी कधीतरी ओपीडीच्या रांगेत बसायची वेळ येऊ शकते. डॉक्टर म्हणाले, ‘आधी केमो, मग ऑपरेशन’, तर पहिली केमो सुरू होण्याआधी एवढंच विचारा, ‘डॉक्टर, गाठीच्या जागी क्लिप ठेवायची आहे का?’ गाठ गेल्यानंतर हा प्रश्न विचारून उपयोग नसतो.