अकराव्या क्रमांकाचा हिशेब

३१ जुलै १९७६. माँट्रियलमध्ये पाऊस. ऑलिंपिक मॅरेथॉनचा गतविजेता, अमेरिकेचा फ्रँक शॉर्टर, मधूनच वेग वाढवून एकेकाला मागे टाकत होता. एक गडी मात्र पिच्छा सोडेना. हा पोर्तुगालचा कार्लोस लोपेश असावा, असं शॉर्टरला वाटत राहिलं. तो होता पूर्व जर्मनीचा वाल्डेमार चिरपिन्स्की. शेवटच्या टप्प्यात त्याने शॉर्टरला गाठलं, मागे टाकलं आणि २ तास ९ मिनिटं ५५ सेकंदांचा ऑलिंपिक विक्रम केला. फलकावर ‘१’ फेरी बाकी दिसली म्हणून गडी शर्यत जिंकल्यावरही आणखी एक फेरी धावला! ती संपवून आला, तर रेषेवर शॉर्टर हस्तांदोलनाला उभा.

या विजयावर पुढे स्टेरॉइडचा संशय आला. स्टेरॉइड म्हटलं की आपल्याला पिळदार दंड आठवतात. काटक मॅरेथॉनपटूला त्यांचा काय उपयोग? उपयोग सरावात होतो. आज मरेस्तोवर धावलेलं शरीर उद्या पुन्हा उभं राहतं. शर्यतीआधी वेळेत गोळ्या थांबवल्या की तपासणीत काही सापडत नाही. स्टेरॉइडची तपासणी तर ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा झाली ती याच माँट्रियलला.

बर्लिनची भिंत पडली आणि पूर्व जर्मनीच्या गुप्त पोलिसांची, स्टासीची, दप्तरं उघडली. सरकारी उत्तेजक योजनेच्या कागदांत चिरपिन्स्कीचंही नाव निघालं. त्याने आरोप नाकारले. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने निकालाला हात लावला नाही. शॉर्टर पुढे अमेरिकेच्या उत्तेजकविरोधी संस्थेचा पहिला अध्यक्ष झाला.

त्याच शर्यतीत फिनलंडचा लासे व्हिरेन पाचवा आला. १९७२ आणि १९७६ या दोन्ही ऑलिंपिकांत पाच आणि दहा हजार मीटरची सुवर्णपदकं त्याचीच. मधली वर्षं मात्र बेताची. म्हणून कुजबुज सुरू झाली: स्वतःचंच रक्त काढून साठवायचं, शर्यतीआधी परत चढवायचं, म्हणजे तांबड्या पेशी वाढतात आणि दम टिकतो. व्हिरेनने ते कायम नाकारलं. त्याचा देशबांधव कार्लो मानिंका याने मॉस्कोच्या १९८० च्या पदकांनंतर रक्त चढवून घेतल्याची कबुली दिली, आणि तिची सावली व्हिरेनवरही पडली. हे मला पटत नाही. चिरपिन्स्कीविरुद्ध कागद आहे, व्हिरेनविरुद्ध नुसता तर्क. शिवाय तेव्हा त्या प्रकारावर बंदीच नव्हती. दोघांना एकाच माळेचे मणी ठरवणं हा अन्याय आहे.

याच शर्यतीत भारतीय लष्करातले शिवनाथ सिंग अकरावे आले, २ तास १६ मिनिटं २२ सेकंदांत. काही काळ तेही आघाडीच्या घोळक्यात होते. चिरपिन्स्कीचं नाव खोडलं तर शॉर्टरला सुवर्ण मिळतं, बेल्जियमच्या कारेल लिस्मोंला रौप्य, चौथ्या आलेल्या अमेरिकेच्या डॉन कार्डाँगला कांस्य, आणि शिवनाथ दहावे होतात. पदकांच्या वादात हे शेवटचं कुणी मोजत नाही. पन्नास वर्षांपूर्वीचं पदक काढून घेणं आता अवघड असेल, मान्य. पण निकालाच्या पानावर स्टासीच्या कागदांची एक तळटीप घालायला काय हरकत आहे?