हिरवा कोट आणि हातातली बाटली

स्प्रिंगफील्ड गावात सेंट पॅट्रिक्स डेची मिरवणूक निघाली आहे. हिरवे कपडे, बिअरचा पूर, ‘आयरिश पोलिसांची दोन हजार वर्षं’ सांगणारा चित्ररथ. बघता बघता हाणामारी सुरू होते, आणि टीव्हीचा निवेदक केंट ब्रॉकमन गंभीर चेहऱ्याने विचारतो की, ही दारू, ही मारामारी, ही मोडतोड, आयरिश म्हटल्यावर हेच आपल्या मनात येतं का?

‘द सिम्पसन्स’ या अमेरिकन कार्टून मालिकेचा हा भाग मार्च १९९७मधला. ब्रॉकमनला ‘नाही’ हे उत्तर अपेक्षित आहे, पण प्रेक्षकाच्या ओठांवर आधीच ‘हो’ आलेलं असतं, आणि त्या ‘हो’वरच तो हसतो. विडंबनाची ही किमया मला थक्क करते. शिवाय धिंगाणा घालतंय ते एक अमेरिकन गाव! त्याच वेळी खऱ्या आयर्लंडचा इतिहास पाहिला तर आणखी नवल वाटतं. तिथे १९२७च्या कायद्याने सेंट पॅट्रिक्स डेला दारूविक्री बंद केली होती आणि पबची दारं १९६०च्या आसपासपर्यंत त्या दिवशी बंद राहत. हा सण बाटलीशी जोडला गेला तो मुख्यतः समुद्रापलीकडे.

मग हा दारुडा, तापट आयरिश माणूस काढला कोणी? त्याचा माग काढत गेलं की आपण एकोणिसाव्या शतकातल्या दोन असामान्य व्यंगचित्रकारांपाशी पोहोचतो. एक जॉन टेनिएल. ‘ॲलिस इन वंडरलँड’मधली चित्रं ज्याची, तोच. १८५७च्या उठावानंतर बंगालच्या वाघावर झेपावणारा ब्रिटिश सिंह लंडनच्या ‘पंच’ साप्ताहिकात काढणाराही तोच. याच ‘पंच’साठी १८८२ साली त्याने आयरिश बंडखोराला फ्रँकेनस्टाइनच्या राक्षसासारखं रंगवलं. दुसरा थॉमस नास्ट. अमेरिकेला आजचा गुबगुबीत सांताक्लॉज दिला तो बराचसा याने. नास्ट स्वतः जर्मनीत जन्मलेला, म्हणजे तोही परदेशातून आलेलाच. १८७१ साली त्याने वानरासारख्या तोंडाचा एक आयरिश माणूस काढला: दारूगोळ्याच्या पिंपावर बसलेला, एका हातात पेटती मशाल, दुसऱ्या हातात बाटली. मुलांच्या स्वप्नातली ॲलिस, नाताळचा आजोबा आणि हा वानर एकाच काळातल्या बोटांतून उतरले, हे कळल्यापासून त्या सुंदर रेषांकडे मला पूर्वीसारखं पाहता येत नाही.

ज्यांच्यावर ही चित्रं काढली जात होती, त्यांतले असंख्य लोक उपासमारीतून निसटून आलेले होते. १८४५पासून बटाट्याचं पीक कुजत गेलं. आयर्लंडमध्ये सुमारे दहा लाख माणसं मेली आणि जवळपास तितकीच देश सोडून गेली.

कार्टूनने ही रेष सहज उचलली. हलत्या चित्रात एखादं पात्र पडद्यावर जेमतेम दोन सेकंद टिकतं आणि तेवढ्यात ते ओळखू यावं लागतं. हिरवा कोट, लाल दाढी, चिलीम एवढं दिसलं की काम भागतं. पण एवढ्यावरच थांबणाऱ्या विनोदाला मी आळशी म्हणेन. ‘फॅमिली गाय’ या दुसऱ्या कार्टून मालिकेच्या २००७च्या एका भागात नायक पीटर ग्रिफिन आपल्या खऱ्या बापाच्या शोधात आयर्लंडला जातो, आणि बाप निघतो गावातला अट्टल दारुडा. तिथे हसू येतं, पण जुनं चित्र जरासुद्धा हलत नाही.

‘द सिम्पसन्स’ही सगळीकडे इतकी जागरूक नव्हती. त्याच मालिकेतल्या अपू या भारतीय दुकानदाराचा आवाज हँक अझारिया हा गोरा नट काढत असे. शाळेत अपूच्या हेलावरून चिडवल्या गेलेल्या भारतीय-अमेरिकन मुलांचं दुःख हरी कोंडाबोलू यांच्या २०१७च्या माहितीपटाने मांडलं, आणि २०२० साली अझारियाने ते काम सोडलं. केनेडींसारखा राष्ट्राध्यक्ष देऊन बसलेल्या आयरिश-अमेरिकन समाजाला जो चिमटा गुदगुल्यांसारखा वाटतो, तोच ज्यांचा पडद्यावर दुसरा चेहराच नाही त्यांना जखम करतो. मला हा फरक फार महत्त्वाचा वाटतो.

म्हणूनच ‘द सिम्पसन्स’चा २००९मधला एक भाग विलक्षण वाटतो. होमर सिम्पसनच्या म्हाताऱ्या वडिलांना तारुण्यातली एक रात्र आठवते, आयर्लंडमधल्या एका खेड्यातल्या पबमधली. होमर त्यांना तिथे घेऊन जातो. पाहतात तर पब ओस पडलेला! आयरिश लोक आता कामात बुडालेले, तंत्रज्ञानात मुरलेले, दारूला वेळ नसलेले. जुना आयर्लंड शोधत आलेले अमेरिकन बापलेकच शेवटी पिऊन तर्र होतात आणि त्या नशेत पब विकत घेतात. गिऱ्हाईक यावं म्हणून तिथे चोरून धूम्रपान करू देतात आणि पकडले जातात, कारण कामाच्या सर्व ठिकाणी धूम्रपानबंदी करणारा जगातला पहिला देश आयर्लंडच, २००४ साली. जुना साचा इथे पाहुण्यांच्याच अंगावर चढवलेला आहे.

हा भाग आयर्लंड-ब्रिटनमध्ये १७ मार्चला, म्हणजे अमेरिकेच्या पाच दिवस आधी दाखवला गेला. ॲनिमेशनच्या एका भागाला अनेक महिने लागतात. तेवढ्या काळात आयर्लंडची भरभराट कोसळली होती आणि सप्टेंबर २००८मध्ये सरकारला बँकांची हमी घ्यावी लागली होती. त्यामुळे पडद्यावर तो कामात गढलेला, खिसा गरम असलेला नवा आयरिश माणूस आला, तेव्हा तोही जुना होऊन गेला होता.