श्रीलंकेची धम्मयात्रा : लांबचा रस्ता आणि आपले पाय

काही वर्षांपूर्वी आपल्या जिल्ह्यातल्या चाळीसेक उपासक-उपासिकांसोबत मी श्रीलंकेच्या धम्मयात्रेला गेले होते. औषधांची पेटी माझ्याकडे होती. सोबत कळमनुरी तालुक्यातल्या एक मावशी होत्या. वय साठच्या पुढं, दहा वर्षांपासून शुगर. सोयाबीन काढणीच्या मजुरीतून चार वर्षं पैसे साठवून त्या निघाल्या होत्या.

अनुराधापूरला रुवनवेली स्तूपाच्या दगडी फरशीवर भर दुपारी आम्ही अनवाणी प्रदक्षिणा केली. फरशी तव्यासारखी तापलेली. आम्ही सगळे पाय उचलत, सावली शोधत चालत होतो. मावशी मात्र हात जोडून संथपणे पूर्ण फेरी करून आल्या. मला वाटलं, केवढी श्रद्धा! रात्री मुक्कामावर पाहिलं, तर दोन्ही तळव्यांना मोठे फोड. "सिस्टर, काहीच कळलं नाही बघा," त्या म्हणाल्या.

गावी आल्यावर जखम चिघळली. एक बोट काढावं लागलं. पुढचा सगळा हंगाम मजुरीविना गेला. चूक मावशींची नव्हती. निघण्याआधी त्यांचे पाय मी तपासायला हवे होते, ते मी केलं नाही.

१९५० साली बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेसाठी ज्या बेटावर गेले, संघमित्रेनं जिथं बोधिवृक्षाची फांदी नेली, तिथं जायची इच्छा आपल्या घराघरांत आहे. जरूर जा. पण ही यात्रा म्हणजे बराचसा मोटारीचा प्रवास आहे. बेट लहान, आपल्या महाराष्ट्राच्या जवळपास पाचव्या हिश्शाएवढं. तरी रस्ते अरुंद, वळणाचे. विमानतळापासून अनुराधापूरला चार-पाच तास लागतात. तिथून मिहिंतले, दंबुल्ला, सिगिरिया, मग कॅंडी आणि पुढं चहाच्या मळ्यांतून नुवारा एलियाचा घाट. नुवारा एलिया समुद्रसपाटीपासून सुमारे १,८७० मीटर उंच आहे. एकाच आठवड्यात कोरडं ऊन, दमट किनारा आणि स्वेटरची थंडी, असं सगळं अंगावर येतं.

पाय. शुगर अनेक वर्षं वाढलेली राहिली की पायाच्या नसा बधिर होतात. मग चटका, खडा, काटा काहीच जाणवत नाही. रक्तपुरवठाही कमी झालेला असतो, त्यामुळे जखम लवकर भरत नाही. स्तूपाच्या आवारात चप्पल चालत नाही, पण जाड सुती मोजे घालून लोक फिरतात. एक जोड पिशवीत असू द्या. दर्शन सकाळी नऊच्या आत किंवा संध्याकाळी घ्या. रोज रात्री तळवे आणि बोटांच्या बेचक्या सोबतच्या माणसाला बघायला सांगा. फोड आला तर फोडू नका. स्वच्छ पाण्यानं धुऊन, कोरडी पट्टी बांधून डॉक्टरांना दाखवा.

पाणी. वाटेत संडास मिळेल की नाही, या धास्तीनं आपल्या बाया पाणीच पीत नाहीत. शेतात काम करतानाही हेच करतात. पाणी कमी पडलं आणि लघवी रोखून धरली की मूत्रमार्गात जंतू वाढतात, जळजळ होते, थंडी वाजून ताप येतो. उन्हात पायऱ्या चढताना चक्कर येते. म्हणून दर दोन तासांनी गाडी थांबवायची, हे गाडीवाल्याशी निघण्याआधीच ठरवून घ्या. बाईनं एकटीनं विनंती करायची वेळ येऊ नये. तिकडं रस्त्याकडेला 'तंबिली' म्हणजे केशरी रंगाचं शहाळं मिळतं, ते चांगलं. मात्र किडनीचा आजार असेल तर शहाळं डॉक्टरांना विचारूनच प्या.

बसून राहणं. चार-चार तास पाय खाली सोडून बसलं की पोटरीतलं रक्त साचतं. क्वचित त्याची गुठळी होते. गाडी थांबली की खाली उतरून पाच मिनिटं चाला. बसल्या जागी घोटे गोल फिरवा. एकच पाय सुजला, पोटरी दुखू लागली, तर चोळू नका, डॉक्टरांना दाखवा. त्यासोबत दम लागला किंवा छातीत दुखलं, तर वाट न बघता दवाखाना गाठा.

घाटात उलटी. डोळे गाडीच्या आत बघतात, तेव्हा 'आपण स्थिर आहोत' असं सांगतात. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग मात्र 'आपण वळतोय' म्हणतो. या गोंधळातून मळमळ होते. असा त्रास होणाऱ्यांनी पुढची जागा घ्यावी, लांबवर बघावं, मोबाईल बघू नये, पोट हलकं ठेवावं. उलटीची गोळी गाडी सुटण्याआधी अर्धा-एक तास घ्यायची असते, उलटी झाल्यावर नाही. तिनं झोप येते. कोणती घ्यायची, हे इथूनच विचारून न्या.

पायऱ्या. मिहिंतलेला सुमारे १,८४० पायऱ्या आहेत, सिगिरियाला साधारण १,२००. मिहिंतलेला वाहनानं बरंच वरपर्यंत जाता येतं. छातीत भरून येणं, घाम फुटणं, डाव्या हातात कळ जाणं म्हणजे थांबायची खूण. वंदना पायथ्यापासूनही करता येते.

गोळ्या. बीपी-शुगरच्या गोळ्या प्रवासाच्या दिवसांपेक्षा आठ दिवसांच्या जास्त घ्या. त्या हातातल्या पिशवीत ठेवा, टपावरच्या सामानात नको. चिठ्ठी सोबत ठेवा. यात्रेत जेवणाची वेळ पुढं-मागं होते. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन जेवण लांबलं, तर हात थरथरतात, घाम येतो, माणूस बडबडतो. शुद्धीवर असेल तर लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यात द्या. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नका.

ताप आणि माकडं. श्रीलंकेनं मलेरिया संपवला. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१६ मध्ये तसं जाहीर केलं. पण मलेरिया पसरवणारा डास तिथं अजून आहे. आपण भारतातून जातो, म्हणून ताप आला तर "आम्ही भारतातून आलोय" हे दवाखान्यात आधी सांगा. आपल्यासाठी आणि त्यांच्यासाठीही ते महत्त्वाचं आहे. डेंग्यू मात्र तिथं आहे, आणि त्याचा डास दिवसा चावतो. तापासाठी फक्त पॅरासिटामॉल घ्या. दुखण्याच्या इतर गोळ्यांनी डेंग्यूत रक्तस्राव वाढू शकतो. विहारांजवळच्या माकडांना खाऊ देऊ नका. माकड किंवा कुत्रा चावला, ओरखडला, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि रेबीजच्या लसीसाठी त्याच दिवशी दवाखान्यात जा. हळद, चुना लावू नका.

तिकडं रुग्णवाहिकेचा नंबर १९९० आहे. ही मोफत सेवा २०१६ साली भारताच्या मदतीनं सुरू झाली. 'वतुर' म्हणजे पाणी, 'इस्पिरितालय' म्हणजे दवाखाना. एवढे दोन शब्द पाठ करा.

तयारी महिनाभर आधी सुरू करा. रोज अर्धा तास चाला, बीपी-शुगर तपासून घ्या. पायांची तपासणी घरीही करता येते. माणसाला डोळे मिटायला सांगा आणि पायाच्या बोटांच्या टोकांना आपल्या बोटानं एक-दोन सेकंद हलकेच स्पर्श करा. कोणत्या बोटाला लागलं, हे दोन-तीन ठिकाणी सांगता आलं नाही, तर डॉक्टरांना पाय दाखवल्याशिवाय निघू नका.

मावशी आता काठी घेऊन चालतात. आमच्या वस्तीतून कुणी यात्रेला निघालं की त्या स्वतः त्याच्या घरी जातात आणि आधी विचारतात, "मोजे घेतले का?"