धोंडा ओढायचा तर साखळी कुठे लावाल?

मैत्रिणींनो, गटाचा छोटा ट्रॅक्टर आला की पहिली मागणी बांधावरचा धोंडा नाहीतर बाभळीचा खुंट काढायची. पण आधी वजनाचा अंदाज घ्या. काळा दगड घनफुटाला साधारण 80 किलो भरतो. दोन फूट लांब, रुंद, उंच धोंडा म्हणजे झाले 640 किलो. आपला 20 एचपीचा ट्रॅक्टरच मुळात टनाच्या आतबाहेर!

साखळी मागच्या खालच्या हुकालाच लावायची. वर टॉप लिंकला लावली आणि खुंट हलला नाही, तर पुढची चाकं उचलतात आणि ट्रॅक्टर मागे उलटून चालवणारीच्या अंगावर येतो. क्लच दाबायलाही वेळ मिळत नाही. ट्रॅक्टरवाला म्हणेल, "काही होत नाही ताई." ऐकू नका.

खुंटाभोवती आधी खणा, जाड मुळ्या कुऱ्हाडीने तोडा. मग पहिल्या गिअरमध्ये हळूच साखळी ताणा, हिसका द्यायचा नाही. चाकं जागीच फिरायला लागली की थांबायचं, परत खणायचं. नायलॉनचा दोर नको, तुटला तर चाबकासारखा येतो. पोरंसोरं लांबच ठेवा.

धोंडा मात्र पहारीने उचकटून जाड पत्र्यावर घ्या आणि पत्राच ओढा. उतारावर हे काम करूच नका.