मल्लेश्वरमचा गारवा, मल्लेश्वरमचं पाणी

उन्हाळ्यात बंगळूरच्या मल्लेश्वरमला आलेला पाहुणा हमखास म्हणतो, "झाडं किती, म्हणून एवढं गार!" सावली आहेच, पण मूळ कारण उंची. बंगळूर आणि चेन्नई दोन्ही साधारण १३ अंश अक्षांशावर; बंगळूर मात्र समुद्रसपाटीपासून ९०० मीटरवर. हजार मीटर चढलं की हवा सुमारे साडेसहा अंशांनी गार होते.

आता एवढी उंची म्हणजे पाणीही भरपूर, हा त्याच पाहुण्याचा पुढचा समज. आफ्रिकेतल्या चिमुकल्या लेसोथोत तसं आहे खरं. तो सगळा देशच १,४०० मीटरच्या वर. डोंगरातलं पाणी कात्से धरणात अडवतात, बोगद्यांतून उताराने दक्षिण आफ्रिकेला विकतात, वाटेत वीजही काढतात. करार १९८६चा, पाणी १९९८पासून.

बंगळूरचं नेमकं उलट. शहर पाणलोटाच्या माथ्यावर वसलंय, मोठी नदी नाही. पडलेला पाऊस पश्चिमेला वृषभावतीतून कावेरीकडे, पूर्वेला दक्षिण पिनाकिनीकडे निघून जातो. पाऊसही बेताचा, कारण सह्याद्री बराचसा आधीच अडवतो. मुंबईच्या निम्माही पडत नाही. त्यामुळे १९७४पासून कावेरीचं पाणी सुमारे १०० किलोमीटरवरून आणून तब्बल ५०० मीटर वर चढवावं लागतं. लेसोथो उतारावर वीज कमावतो, आपण चढावर जाळतो.

मल्लेश्वरमलगतच्या सँकी टँकला 'नैसर्गिक सरोवर' म्हणणारेही भेटतात. ते १८८२मध्ये कर्नल रिचर्ड सँकी यांनी बांधलं. शेजारच्या सरकारी चंदन डेपोमुळे त्याचं जुनं नाव 'गंधद कोटी केरे'. शहरातल्या बहुतेक केरे, म्हणजे तळी, अशाच बांध घालून केलेल्या. पाणी थांबत नसेल तर दुसरं करणार काय?

सगळ्यात रंगतो तो नंदितीर्थाचा चमत्कार. व्यंकोजीराजांच्या १६६९च्या दानलेखामुळे मराठी माणसाला आपलं वाटणारं काडु मल्लेश्वराचं देऊळ उंचवट्यावर, आणि रस्त्यापलीकडे खोलात हे तीर्थ, १९९७मध्ये मातीखालून उकरलेलं. नंदीच्या तोंडातून धार पिंडीवर पडते, तिथून कल्याणीत, म्हणजे पायऱ्यांच्या कुंडात, उतरते. पाणी कुठून येतं हे म्हणे कुणालाच ठाऊक नाही, आणि तीर्थाचं देऊळ सात हजार वर्षांचं! सात हजार वर्षांपूर्वी दक्षिणेत कोरीव दगडी देवळं नव्हतीच. धारेलाही गूढ लागत नाही. उंचावरच्या मुरमात आणि झिजलेल्या खडकात मुरलेलं पाणी खोलगट जागी पाझरतं. आपल्याकडची डोंगरपायथ्याची गोमुखं अशीच वाहतात. वरच्या जमिनीवर डांबर आणि काँक्रीट पसरलं की मुरणं कमी होतं, मग अशा धारा बारीक होतात.